षष्ठी, अनेकवचनी

शोधनिबंधाचं रसग्रहण करायचं म्हटलं की लोक जरा विचित्रच बघतात. पक्षिशास्त्रातल्या निबंधाचं तर विशेषच. तिथे विशेषणालासुद्धा मोजपट्टी लावलेली असते. तरी ‘इंडियन बर्ड्स’ या नियतकालिकाच्या २००६ सालच्या अंकातला रमणा आत्रेय यांचा निबंध मी अधूनमधून काढून वाचतो. अरुणाचलच्या पश्चिम कामेंग जिल्ह्यात, ईगलनेस्ट अभयारण्याच्या परिसरात सापडलेल्या एका नव्या पक्ष्याचं ते वर्णन आहे. नाव लिओसिक्ला बुगुनोरम. भारताच्या मुख्य भूमीवर १९४८ नंतर असा नवा पक्षी सापडला नव्हता.

निबंधाची पहिली खुमारी त्याच्या सबुरीत आहे. आत्रेयांना हा पक्षी पहिल्यांदा दिसला १९९५मध्ये. ओळख पटेना. पुस्तकांत नव्हता. पुन्हा गाठ पडली ती थेट २००५मध्ये. मधली दहा वर्षं निबंधात दोन-चार वाक्यांत उरकतात, आणि मला तीच वाक्यं जास्त बोलकी वाटतात. दुसरा कुणी असता तर ‘मला नवा पक्षी दिसला’ म्हणून तेव्हाच मोकळा झाला असता. पण आत्रेयांचा पेशा रेडिओ खगोलशास्त्राचा, पुण्यातला. गोंगाटातून क्षीण संकेत वेगळा काढायचा आणि तो खरा आहे याची खात्री होईपर्यंत तोंड उघडायचं नाही, हे त्यांच्या हाडात असणारच.

दुसरी खुमारी रंगांची. डोक्यावर काळी टोपी, डोळ्यापुढे ठळक पिवळा ठिपका, अंग ऑलिव्ह-राखी, पंखांवर पिवळ्या, लाल, पांढऱ्या रंगांचे तुकडे. दोन हजार मीटरच्या वर, ढग झाडांतूनच चालत जातात अशा जंगलात हे सगळे रंग वर्षातला बराच काळ धुक्यात बुडालेले. त्याचा सर्वांत जवळचा भाऊबंद हजारभर किलोमीटर दूर, चीनमधल्या एमेई पर्वताकडचा. तो आणि हा यांच्यातला फरक लेखक पीस-पीस मोजून मांडतो, आणि त्या कोरड्या मोजमापातच पक्षी डोळ्यांपुढे उभा राहतो.

पण निबंधाचा खरा गाभा त्यात नसलेल्या गोष्टीत आहे. नवी जात जाहीर करायची तर प्रथेप्रमाणे एक नमुना लागतो: मारलेला, कापूस भरलेला, पायाला चिठ्ठी बांधलेला. सालिम अलींची कथासुद्धा खेतवाडीत छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या चिमणीपासूनच सुरू होते. इथे मात्र तोवर नजरेस पडलेले पक्षी होते अवघे चौदा. त्यातला एक मारायचा? आत्रेयांनी मिस्ट नेट या तलम जाळ्यात सापडलेला पक्षी हातात धरला, मोजला, त्याचे फोटो घेतले आणि सोडून दिला. जाळ्यात सुटून राहिलेली पिसं, फोटो, आवाजाची मुद्रणं आणि टिपणं एवढ्यावर सगळं वर्णन उभं केलं. काही जाणकारांना हे रुचलं नाही. अंगावरची कातडी हाच पुरावा, असं मानणारी शाळा मोठी आहे. तिचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. फोटोतून आतडं तपासता येत नाही. पण कातडीही खोटं बोलते. मेइनर्ट्झहागेन नावाच्या संग्राहकाने आपल्याकडच्या रानपिंगळ्याचा दुसऱ्याने जमवलेला नमुना चोरून त्यावर स्वतःची खोटी चिठ्ठी बांधली. त्याच्या चिठ्ठीने लोकांना भलत्याच गावी शोधायला लावलं. ती बाजूला पडली तेव्हा कुठे १९९७मध्ये शहाद्याजवळ पिंगळा पुन्हा दिसला.

आता नाव. रानपिंगळ्याच्या शास्त्रीय नावात ब्ल्युइट नावाचे एक साहेब बसलेत: ब्ल्युइटाई, एकवचनी षष्ठी, एका माणसाचा. बुगुनोरममधलं ‘ओरम’ हे षष्ठीचंच रूप, पण अनेकवचनी. मराठीत म्हणायचं तर ‘बुगूनांची’. ईगलनेस्टचं नाव तिथे तळ ठोकलेल्या लष्करी तुकडीच्या गरुडावरून पडलं. पक्ष्याचं नाव मात्र ज्यांच्या जंगलात तो सापडला त्या बुगून या छोट्याशा जमातीवरून. आणि हा नुसता मानाचा तुरा नव्हे. पक्षी सापडला तो भाग अभयारण्याच्या हद्दीबाहेरचा, बुगून समाजाच्या मालकीचा. व्याकरण आणि सातबारा इथे एकमेकांशी जुळतात. असं क्वचित घडतं.

अकरा वर्षांनी, २०१७मध्ये, सिंगचुंग गावाने त्याच रानातल्या १७ चौरस किलोमीटरवर सामुदायिक राखीव क्षेत्र जाहीर करून घेतलं. मला ती त्या निबंधाचीच पुढची पानं वाटतात. नमुना कपाटात नाही, म्हणजे तो जंगलातच सांभाळायला हवा. आणि सांभाळायचं तर मोजदाद आली. ती आता गावची तरुण पोरं गस्त घालत करतात. लिओसिक्लाची नोंद मुख्यतः कानांनी. त्याची बासरीसारखी शीळ ओळखायची, कुठून आली ते टिपायचं. मांजरकुळातल्या प्राण्यांसाठी कॅमेरा ट्रॅप. समोरून हलती ऊब गेली की तो फोटो काढतो. ढगाळ बिबट्यासारख्या प्राण्याच्या डाव्या आणि उजव्या अंगावरची नक्षी वेगळी असते, म्हणून एकेक प्राणी ओळखायचा तर वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावावे लागतात.

यातले उत्तम फोटो सगळीकडे फिरतात. मला कुतूहल नको असलेल्यांचं. तळाच्या पट्टीवर तारीख, वेळ, तापमान. वरती नुसतं पांढरं. ढग भिंगाला चिकटलेला, किंवा उन्हाने तापलेलं पान हललं आणि कॅमेरा फसला. असे फोटो शेकड्यांनी निघतात आणि बहुतेक पुसले जातात. पण आकडेमोडीत ‘इतक्या रात्री इतके कॅमेरे चालू होते’ हा हिशेब धरावाच लागतो, नाहीतर एका फोटोवरून किती मांजरं आहेत याचा अंदाज बांधणार कसा? म्हणून काहीही न दिसलेल्या रात्रींचीही नोंद ठेवली जाते, कॅमेऱ्याच्या क्रमांकासकट.