उसना शब्द आणि त्याची मर्यादा

एका शास्त्रानें दुसऱ्या शास्त्रापासून शब्द उसना घ्यावा, ह्यांत वावगें असें कांहीं नाहीं. ताण, घर्षण, समतोल हे शब्द व्यवहारांतून पदार्थविज्ञानांत गेले, तेथें रेखीव झाले आणि पुन्हां व्यवहारांत परत आले; त्यांत उभयतांचा लाभच झाला. परंतु उसनें हत्यार आणतांना तें कशावर चालवावें आणि कशावर चालवूं नये, ही माहितीहि बरोबर आणावी लागते. धातु व लांकूड ह्यांच्या अभ्यासांतून निघून व्यवस्थापनशास्त्रांत, आणि युद्धोत्तर शांतिसंशोधनांतहि, आज मानाचें स्थान मिळवून बसलेल्या ‘रेझिलियन्स’ ह्या शब्दाच्या बाबतींत ही माहिती वाटेंतच गळून पडली, असें माझें मत आहे.

आपल्या क्रमिक पुस्तकांत ‘इलॅस्टिसिटी’ला स्थितिस्थापकता म्हणतात. हा शब्द ज्या कोणीं घडविला त्याच्या मार्मिकतेचें कौतुक वाटतें. पदार्थ स्वतःला पुन्हां पूर्वीच्या स्थितींत स्थापितो, हा सारा अर्थ त्यानें एका समासांत बसविला आहे. रेझिलियन्स हें ह्याच गुणाचें एक माप. भार पडला असतां, कायमचा वांकडा न होतां, पदार्थ किती ऊर्जा पोटांत सांठवितो आणि भार निघतांच ती किती परत देतो, हें तें माप सांगतें. टॉमस ट्रेडगोल्ड ह्या इंग्रज स्थापत्यशास्त्रज्ञानें १८१८ मध्यें लांकडाच्या बळाविषयीं लिहितांना हा शब्द वापरला. आणि तेव्हांपासून ज्या ज्या शास्त्रज्ञानें तो प्रामाणिकपणें वापरला, त्यानें त्याच्याबरोबर दोन गोष्टी नेहमीं सांगितल्या. एक म्हणजे ह्या गुणाला मर्यादा आहे. ती ओलांडली कीं पदार्थ पूर्वस्थितीस येत नाहीं. दुसरी गोष्ट अधिक कडू आहे. १८४२ मध्यें व्हर्सायहून पॅरिसला येणाऱ्या आगगाडीच्या एंजिनाचा आंस मोडला आणि पन्नासांहून अधिक उतारू मेले. पुढें जर्मनींत ऑगस्ट व्होलर ह्यानें आंसांवर वर्षानुवर्षें प्रयोग करून दाखविलें कीं, जो भार एकदां आला असतां लोखंड सहज सोसतें, तोच लक्षावधि वेळां आला म्हणजे तें तुटतें. शास्त्रज्ञ ह्याला धातूचा थकवा म्हणतात. प्रत्येक वेळीं भार मर्यादेच्या आंतच असतो, वरून कांहीं दिसत नाहीं, आणि एके दिवशीं घात होतो.

आतां हा शब्द पुढें कसा गेला तें पाहूं. १९७३ मध्यें सी. एस. हॉलिंग ह्या कॅनेडियन पर्यावरणशास्त्रज्ञानें तो वनें आणि कीटक ह्यांच्या संबंधांस लावला. पण त्यानें तो विचारपूर्वक लावला. धक्क्यानंतर लवकर मूळपदावर येणें ह्याला त्यानें स्थैर्य म्हटलें. पुष्कळ बदल पोटांत घेऊनहि व्यवस्थेचे मुख्य संबंध टिकून राहणें, ह्यालाच रेझिलियन्स म्हटलें. म्हणजे अर्थ जवळजवळ उलटाच झाला. हॉलिंगनें तसें स्पष्ट सांगितल्यामुळें त्याच्यावर दोष येत नाहीं. दोष येतो तो मागून आलेल्या लेखकांवर. ते एका पानावर लोखंडाचा अर्थ घेतात आणि दुसऱ्या पानावर अरण्याचा. आणि दोहींमध्यें जें अंतर आहे तें गोड भाषेनें बुजवून टाकतात.

व्यवस्थापनशास्त्रांतील ह्या विषयाचें बहुतेक लेखन मला निःसत्त्व वाटतें. संस्थेनें लवावें पण मोडूं नये, हा उपदेश नदीकांठच्या लव्हाळ्यानें आपल्या पूर्वजांस फार पूर्वींच केला आहे. ह्याला अपवाद म्हणून दाखवावा असा ग्रंथ डायान वॉन ह्या समाजशास्त्रज्ञ विदुषींनीं १९९६ मध्यें लिहिला. त्याचें नांव ‘द चॅलेंजर लाँच डिसिजन’. २८ जानेवारी १९८६ रोजीं चॅलेंजर हें अमेरिकन अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालें आणि सात अंतराळवीर मृत्यु पावले. ह्या अपघाताचें मूळ शब्दशः रेझिलियन्समध्येंच होतें. यानाच्या अग्निबाणाच्या सांध्यांत बसविलेलीं रबरी कडीं थंडीनें ताठ झालीं आणि फट बुजविण्यास वेळेवर फुगलीं नाहींत. चौकशी चालू असतां रिचर्ड फाइनमन ह्या पदार्थवैज्ञानिकानें त्या रबराचा तुकडा चिमट्यांत दाबून बर्फाच्या पाण्यांत बुडविला, आणि चिमटा काढल्यावरहि तो पूर्वीच्या आकारास तत्काळ येत नाहीं, हें सर्वांसमक्ष दाखविलें.

येथें सामान्य लेखक थांबला असता आणि दुष्ट अधिकारी व सज्जन एंजिनियर अशी कथा त्यानें रचिली असती. तिला आधारहि होता. ५३ अंश फॅरेनहाइटच्या खालीं उड्डाण करूं नये असा सल्ला एंजिनियरांनीं आदल्या रात्रीं दिला होता, आणि त्यांच्याच कंपनीच्या व्यवस्थापकांनीं तो फिरविला होता. वॉन ह्यांनीं मात्र त्या रात्रीपूर्वींच्या वर्षांचे कागद वाचले. त्यांना असें आढळलें कीं, कड्यांची झीज पहिल्यानें दिसली तेव्हां ती अनपेक्षित ठरली. यान सुखरूप परत आल्यावर ती स्वीकारणीय ठरली. पुढें अधिक झीज झाली, तीहि त्याच न्यायानें स्वीकारली गेली. कोणीं नियम मोडला नाहीं. नियम पाळीत पाळीतच मर्यादा सरकत गेली. व्होलरचा थकलेला आंस तो हाच. वॉन ह्यांनीं ही उपमा मिरविली नाहीं. त्यांनीं यंत्रणा उलगडून दाखविली, आणि म्हणूनच २००३ मध्यें कोलंबिया हें यान गेलें तेव्हां चौकशी मंडळास त्यांच्या विवेचनाचा उपयोग झाला. ग्रंथ लांबलेला आहे आणि पुनरुक्ति फार आहे; तरी मर्यादा आणि थकवा ह्या दोन्ही गोष्टींना त्यांत पूर्ण न्याय मिळाला आहे.

शांतिसंशोधनांत ह्या तोडीचें उसनें ज्ञान आणणारा पुरुष म्हणजे योहान गाल्टुंग. ‘पीसबिल्डिंग’ हा शब्द त्यानें १९७६ मध्यें रूढ केला. पण त्यापूर्वीं, १९६९ मध्यें, ‘रचनात्मक हिंसा’ ही कल्पना मांडतांना त्यानें तिची कसोटीहि दिली होती. अठराव्या शतकांत क्षयानें मरणें टाळतां येत नव्हतें, म्हणून ती हिंसा नव्हे. औषध असतांना आज क्षयानें मरणें ही हिंसा होय. कल्पना पटो वा न पटो, ती तपासतां येते. १९९२ मध्यें संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस बुत्रोस घाली ह्यांनीं युद्धोत्तर शांतिनिर्माण हें संघाच्या कार्यांत घातलें, आणि २०१६ मधील युरोपीय संघाच्या परराष्ट्रधोरणापर्यंत येतां येतां रेझिलियन्स हा त्या विषयाचा परवलीचा शब्द होऊन बसला. डेव्हिड चँडलर ह्यानें २०१४ मध्यें ह्या प्रवृत्तीवर टीका केली आहे. मदत करणाऱ्यांची जबाबदारी ह्या शब्दाच्या आडून पीडितांच्या गळ्यांत पडते, हा त्याचा आक्षेप मला मान्य आहे. पण त्याच्याहि आधीं विचारावयाचा प्रश्न स्थितिस्थापकता ह्या आपल्या शब्दानेंच विचारला आहे: कोणती स्थिति पुन्हां स्थापावयाची? ज्या स्थितींतून युद्ध उद्भवलें, ती?

बोस्नियांतील मोस्तार शहराचें उदाहरण ह्या विषयाच्या ग्रंथांत वारंवार येतें, म्हणून तेंच घेतों. नेरेत्वा नदीवरचा तेथील एककमानी पूल १५६६ मध्यें उस्मानी स्थपति हैरुद्दिन ह्यानें बांधून पुरा केला. ९ नोव्हेंबर १९९३ रोजीं बोस्नियन क्रोएटांच्या तोफांनीं तो पाडला. पुढें जागतिक बँक, युनेस्को आणि अनेक राष्ट्रें ह्यांच्या साह्यानें तो जसाच्या तसा उभारण्यांत आला. २३ जुलै २००४ रोजीं तो खुला झाला. त्यांतील पाषाणविद्येचा भाग वाखाणण्याजोगा आहे. नदींतून काढलेले जुने दगड पुन्हां वापरण्याजोगे राहिले नव्हते, म्हणून ‘तेनेलिया’ नांवाची तीच स्थानिक चुनखडी नव्यानें खाणींतून काढण्यांत आली, आणि जुन्या पद्धतीप्रमाणें लोखंडी आंकडे बसवून त्यांत शिसें ओतण्यांत आलें. दगडापुरती स्थिति खरोखरच पुन्हां स्थापली गेली.

परंतु ह्या पुलावर लिहिणाऱ्या अनेक लेखकांनीं गृहीत धरलें कीं, नदीच्या एका तीरावर क्रोएट, दुसऱ्या तीरावर बोस्नियाक, आणि मध्यें त्यांना जोडणारा पूल. नकाशा पाहण्याचे श्रम घेतले असते तर हा प्रमाद घडला नसता. युद्धांतील सीमारेषा नदीवरून नव्हे, तर तिच्या पश्चिमेस असलेल्या ‘बुलेव्हार’ नांवाच्या रस्त्यावरून गेली होती. पुलाचीं दोन्ही टोकें बोस्नियाकांकडेच होतीं. तेव्हां जें दुभंगलें होतें तें पुलानें जोडलें, हें विधान भूगोलाच्या दृष्टीनेंच खोटें आहे. उपमा सुंदर असल्यामुळें तें तपासण्याची कोणास गरज भासली नाहीं.

आणि पूर्वस्थिति तरी कोणती? १९९१ च्या शिरगणतींत मोस्तारमध्यें बोस्नियाक आणि क्रोएट प्रत्येकीं एकतृतीयांशाच्या आसपास होते, आणि सर्ब सुमारें एकपंचमांश. तें मिश्र नगर परत आलें नाहीं. जें टिकून राहिलें, धक्के पचवून पुन्हां पुन्हां आपल्या जागीं आलें, तें विभाजनच. शहरांत विद्यापीठें दोन आहेत. हॉलिंगच्या व्याख्येनें पाहिलें तर तेथील सर्वांत चिवट व्यवस्था म्हणजे ही दुफळी. आणि रेझिलियन्सला सद्गुण मानणाऱ्या शांतिशास्त्रापाशीं ह्या चिवटपणास द्यावयाला नांवच नाहीं. लोखंडाचा अभ्यासक असा भावुकपणा करीत नाहीं. उंदराच्या सांपळ्यांतील कमानहि उत्तम स्थितिस्थापक असते, हें त्याला ठाऊक असतें.

पूल खुला झाला त्याच २००४ सालीं मोस्तारच्या जुन्या ‘जिम्नाझिया’ शाळेचा कारभार एक करण्यांत आला; अभ्यासक्रम मात्र दोनच राहिले, आणि एकाच छपराखालीं मुलें वेगवेगळ्या वर्गांत बसूं लागलीं. नगरसभेची निवडणूक कोणत्या नियमांनीं घ्यावी ह्यावर पक्षांचें एकमत न झाल्यामुळें २००८ नंतर तेथें मतदानच झालें नाहीं. शेवटीं शहरांतील एका रहिवासी स्त्रीनें युरोपीय मानवी हक्क न्यायालयांत दाद मागितली. २०१९ मध्यें तिच्या बाजूनें निकाल लागला, आणि डिसेंबर २०२० मध्यें, बारा वर्षांनीं, मोस्तारच्या नागरिकांनीं आपले नगरसेवक निवडले.