हौशी खेळगडी आणि पट्टीचे खेळाडू

वेरुळास जाणारे बहुतेक प्रवासी कैलास लेणे पाहून तृप्त होतात आणि उन्हाचे दिवस असल्यास तेथूनच माघारी वळतात. थोडे चिकाटीचे लोक पुढे एकविसाव्या, म्हणजे ‘रामेश्वर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लेण्यापर्यंत येतात. तेथे शिवपार्वती फासे खेळत बसल्याचे एक शिल्प आहे. वरच्या भागात डाव रंगात आलेला असून खाली गणांची टोळी नंदीची थट्टा करण्यात दंग आहे. वरच्या दोघांस डावाची चिंता, तर खालच्यांस डाव कोण जिंकतो याचे सोयरसुतक नाही. तरीही शिल्पकाराने दोन्ही मंडळींना एकाच चौकटीत सुखाने नांदविले आहे.

हे शिल्प आम्हांस आठवले ते निराळ्याच निमित्ताने. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या मंडळीने २०२० साली प्रसिद्ध केलेला ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा व्हिडिओ गेम गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या भाच्याने आमच्या घरी टीव्हीच्या पडद्यावर लावला. खेळणारा तो एकटा, आणि पाहणारी आम्ही सारी. त्यांत आमच्या मातोश्रीही. चार संध्याकाळी हा कार्यक्रम चालला. व्हिडिओ गेमवर साहित्यविषयक मासिकात लिहावयाचे काय, अशी शंका कित्येक वाचकांस येईल. नाटक, कादंबरी आणि बोलपट यांच्याविषयीही आरंभी हीच शंका घेतली गेली होती, एवढेच उत्तर देऊन आम्ही पुढे जातो.

या व्यवसायातील जुने कोडे असे की, खेळास गिऱ्हाईक दोन प्रकारचे. एक हौशी, जेवणानंतरची पंधरा मिनिटे विरंगुळा मिळावा आणि आपली फजिती होऊ नये, एवढीच त्याची अपेक्षा. दुसरा पट्टीचा, तो रात्रीमागून रात्री खर्ची घालतो आणि खेळाने आपल्याशी झुंजावे अशी इच्छा धरतो. पहिल्याची संख्या मोठी, दुसऱ्याची निष्ठा मोठी. दोघांसही राजी राखण्याचा बाजारातील रूढ उपाय म्हणजे आरंभीच ‘सोपा, मध्यम की कठीण?’ असे विचारणे. आमच्या मते हा उपाय नव्हे, पळवाट होय. त्यात बहुधा शत्रूचा जोर तेवढा कमीअधिक होतो. खेळाचे मर्म जेथल्या तेथेच राहते. त्यापेक्षा २०१९ च्या ‘सेकिरो’ या जपानी खेळाने अशी निवडच न ठेवण्याचा जो करारीपणा दाखविला तो, किंवा २०१८ च्या ‘सेलेस्ट’ने खेळाची गतीसुद्धा खेळणाऱ्याच्या स्वाधीन करण्याचे जे औदार्य दाखविले ते, ही दोन्ही टोके आम्हांस अधिक प्रामाणिक वाटतात.

या कोड्याचे उत्तर मात्र या धंद्याच्या बाल्यावस्थेतच सापडलेले आहे. १९७१ साली अमेरिकेत नोलन बुशनेल व त्यांचे सहकारी यांनी ‘कॉम्प्युटर स्पेस’ नावाचा नाणे टाकून खेळण्याचा खेळ काढला. अग्निबाणाची दिशा आणि गती सांभाळण्याचे ते प्रकरण सामान्य गिऱ्हाइकास उमगले नाही. पुढच्याच वर्षी ‘पाँग’ आला. काळ्या पडद्यावर दोन पांढऱ्या पट्ट्या आणि एक ठिपका. चेंडू परतवावयाचा, बस्स. पोरासही क्षणात कळावे असा हा खेळ. परंतु तो रचणारे अ‍ॅलन अल्कॉर्न यांनी त्या पट्टीचे मनातल्या मनात आठ भाग कल्पिले होते; चेंडू ज्या भागावर आपटेल त्याप्रमाणे त्याचा कोन बदले, आणि टोलवाटोलवी लांबली की वेगही वाढे. नवशिका नुसता चेंडू अडवी. मुरलेला खेळाडू त्याच पट्टीच्या कडेने तो नेमका प्रतिपक्षाच्या आवाक्याबाहेर धाडी. दोघांसाठी दोन खेळ करावे लागले नाहीत. ज्या गोष्टीने नवख्यास ओढून घेतले, तिच्याच पोटात जाणत्यासाठी खोली ठेवलेली होती.

आपल्या महाराष्ट्रात या व्यवसायाचे सर्वांत मोठे यश म्हणजे नवी मुंबईच्या ‘गेमेशन’ने २०१६ साली काढलेला ‘लुडो किंग’. इंग्लंडात १८९६ मध्ये पेटंट घेतलेला लुडो हे आपल्या पचिसीचेच सोपे रूप; तो सातासमुद्रापलीकडे जाऊन मोबाइलमधून घरी परतला. २०२० च्या टाळेबंदीत घरोघरी त्याचे पट मांडले गेले, आणि एक पुण्यात, एक शारजात, एक सिडकोत अशी पांगलेली भावंडे एका पटावर भांडू लागली. या यशाचे गमक फासा हे होय. फाशापुढे आजी आणि नातू सारखेच. परंतु ज्या फाशाने हौशी मंडळींस अभय दिले, त्यानेच पट्टीच्या खेळाडूची वाट अडविली. कोणती सोंगटी हलवावी याखेरीज त्याच्या बुद्धीस फारसे काम उरत नाही. ‘लुडो किंग’ने एक पक्ष निवडला आणि तो उत्तम सांभाळला. त्यास दोष देण्याचे आम्हांस कारण दिसत नाही.

‘राजी’ची महत्त्वाकांक्षा याहून थोर, म्हणून तिची परीक्षाही कठोर. सर्कशीत कसरती करणारी राजी ही मुलगी, असुरांनी पळविलेल्या गोलू या आपल्या भावाच्या शोधात निघते. दुर्गा तिला त्रिशूळ देते, आणि दुर्गा व विष्णू यांच्या संवादातून कथा उलगडते. राजस्थानी वास्तू, पहाडी चित्रशैलीची रंगसंगती आणि छायाबाहुल्यांच्या धर्तीवर रचलेले प्रसंग यांनी पडदा इतका देखणा झाला आहे की, कौतुकाच्या बाबतीत आमची लेखणी आखडती होऊ नये. भिंतीवरच्या चित्रांसमोर राजी उभी राहिली की देवदेवता त्या चित्रांची कथा सांगतात. गोल चित्राची कडी फिरवून ते जुळविण्याचीही कोडी आहेत. एका लहानशा मंडळीच्या पहिल्याच खेळास ‘द गेम अवॉर्ड्स’ या अमेरिकेतील पारितोषिकासाठी २०२० साली पदार्पणाच्या गटात नामांकन मिळाले, हे योग्यच झाले.

मग उणे कोठे? आमच्या कीर्तनपरंपरेचा दाखला देतो. नारदीय कीर्तनात हरिदासबुवा पूर्वरंगात एखाद्या अभंगाचे निरूपण करतात आणि उत्तररंगात आख्यान लावतात. निरूपण जाणत्यांसाठी आणि आख्यान पोराबाळांसाठी, असे वरवर भासते; परंतु आख्यान त्या निरूपणाचेच उदाहरण असते. म्हणून पंडितही आख्यानात रमतो, आणि आख्यानासाठी आलेले पोर नकळत निरूपण घेऊन घरी जाते. ‘राजी’चे पूर्वरंग आणि उत्तररंग एकमेकांस भेटत नाहीत. चित्रे, कोडी आणि कथा हौशी प्रेक्षकासाठी. राक्षसांशी लढाई पट्टीच्या खेळाडूसाठी. आणि दोहोंच्या मध्ये भिंत. कोडी इतकी सुगम की भाच्याने ती जांभई देत सोडविली. लढाईत खांबाला गिरकी घेऊन, भिंतीवर पाय रोवून वार करण्याची कल्पना खरोखर सुंदर, कारण ती सर्कशीतल्या मुलीच्या अंगची आहे; तथापि दोनचार डावपेच हाती आले की पुढे त्यांत नवे फारसे घडत नाही. नवख्यास मात्र तीच लढाई आडवी येते. सुमार पाचसहा तासांचा हा खेळ अखेरीस असा तुटतो की, कथेसाठी बसलेल्याचीही निराशा व्हावी. दोघांसही पानावर वाढले खरे. पण अर्धपोटी उठविले.

आमच्या घरी हे प्रत्यक्षच घडले. भित्तिचित्र आले की मातोश्री चष्मा सावरून पुढे सरसावत आणि राक्षस आले की स्वयंपाकघराकडे वळत. भाच्याचे नेमके उलट. तिसऱ्या संध्याकाळी देवीच्या पराक्रमाचे चित्र चालू असता त्याने राजीला पुढे पिटाळले.

“थांब रे, ते पुरं होऊ दे की!” मातोश्री म्हणाल्या.

“आजी, ते ऐकून काही मिळत नाही गं. पुढे लढाई आहे.”

मुलगा उद्धट नव्हता. त्याने खेळाचे नियम अचूक ओळखले होते. देवीने असुरास कोणत्या युक्तीने जिंकले ते भिंतीवर रंगविलेले असते, आणि पुढल्या चौकात राजीला तीच युक्ती योजावी लागती, तर त्या चित्रापुढे भाचा स्वतः होऊन थांबला असता, आणि त्यातली खूण ओळखण्यासाठी त्याने आजीलाच हाक मारली असती. चौथ्या संध्याकाळी मातोश्री पडद्यासमोर बसल्या नाहीत, स्वयंपाकघरातूनच त्यांनी विचारले, “गोलू सापडला का रे?”