आयरिश संगीतांतील बासरीपालट

लोकसंगीताचे कित्येक अभिमानी वाद्यावरून वादकाचें कुल ठरवूं पाहतात. आयर्लंडच्या संगीतांत हा वाद बासरीपाशीं येऊन थांबतो. लांकडी बासरी तेवढी आयरिश, चाव्यांची धातूची बासरी परकी, आणि एकीवरून दुसरीकडे जाणारा वादक बाटलेला, असा ह्या मंडळींचा निवाडा आहे. तो आम्हांस मान्य नाहीं.

लांकडी बासरी तरी मूळची आयर्लंडची कोठें आहे? ती युरोपीय वाद्यवृंदांतली. थिओबाल्ड बेम ह्या जर्मन वादकानें १८४७ सालीं सरळ नळीची नवी बासरी सिद्ध केली. ती रूढ होत गेली तशा जुन्या बासऱ्या स्वस्त झाल्या व खेड्यांतील वादकांच्या हातीं पडल्या. दुसऱ्यानें टाकलेलें वाद्य आपलेंसें करणें, हाच ह्या परंपरेचा आरंभ होय.

तथापि वाद्य कोणतेंही चालेल, असें आम्ही म्हणत नाहीं. लांकडी बासरीचीं मुख्य सहा छिद्रें आपल्या बासरीप्रमाणें उघड्या बोटांनींच झांकावयाचीं असतात. बोट घसरवून स्वर ओढतां येतो. एक बोट क्षणभर उचलून व दुसरें आपटून लांब स्वर दोनदां तोडला कीं ‘रोल’ हा अलंकार होतो. बेमच्या बासरीवर बोटाखालीं चावी येते. शिवाय डी हा षड्ज मानिला, तर डाव्या हाताचीं तीन बोटें व उजव्याची तर्जनी दाबल्यानें लांकडी बासरींतून शुद्ध गंधार निघतो, बेमच्या बासरींतून कोमल! पत्र्याच्या शिटीवर बोटें लांकडी बासरीसारखींच. परंतु तेथें ओठांनीं फुंक घडवावयाची नसल्यामुळें स्वराचा रंग पालटण्यास फारसा अवकाश नाहीं.

म्हणून वाद्य बदलणाऱ्यानें जुनी संवय जशीच्या तशी नव्या वाद्यावर लादूं नये. गॅल्वेचे पॅडी कार्टी रॅडक्लिफ पद्धतीची चाव्यांची बासरी वाजवीत. न्यूयॉर्कच्या जोनी मॅडन बेमची बासरी व शिटी दोन्ही वाजवितात. त्यांचें वादन आयरिश नव्हे, असें ऐकून म्हणणारा रसिक आम्हांस विरळाच वाटतो. ज्या वाद्यावर जें साधतें त्यांतूनच चालीची लय व तोड राखणें, ही खरी कसोटी आहे. आणि ती डोळ्यांनीं नव्हे, कानांनींच घ्यावयाची असते.