निसर्गवाद आणि वास्तववाद : आनुवंशिकतेचा प्रश्न

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेस, गुजरातच्या सीमेलगत असलेल्या पेठ तालुक्यात पावसाळी पाऊस मुबलक पडतो. परंतु नागली, वरई व भात यांचे पीक घरात आल्यावर तेथील कित्येक आदिवासी कुटुंबांना मजुरीसाठी दिंडोरी-निफाडकडील द्राक्षबागांची वाट धरावी लागते. अशा एखाद्या कुटुंबातील कर्ता पुरुष मजुरीचा पैसा दारूत घालवतो, अशी कथावस्तू कल्पिली, तर वास्तववादी व निसर्गवादी लेखक तिचे चित्रण कसे करतील? वास्तववादी लेखक त्या पुरुषाला माणसांच्या संबंधांत उभा करील. मुकादमाने दिलेली उचल, पत्नीशी होणारी बोलाचाली, गुत्त्याच्या दाराशी क्षणभर घुटमळलेले पाऊल, या सर्वांतून त्याचा निर्णय घडताना दिसेल; आणि तो निर्णय निराळाही होऊ शकला असता, ही जाणीव वाचकाच्या मनात जागी राहील. निसर्गवादी लेखकाच्या दृष्टीने मात्र ते घुटमळणे गौण होय. शरीराची भूक, थकवा, झोपडीतील कोंदट जीवन आणि पित्याकडून आलेली व्यसनाची प्रवृत्ती यांचा तो जणू अटळ परिणाम मांडील.

या दोन वादांतील भेद विषयाचा नसून कार्यकारणभावाचा आहे. मराठी समीक्षेत झोपडपट्टी, घाण, शिवीगाळ वा उघडी कामवासना दिसली, की कृतीवर ‘निसर्गवादी’ असा शिक्का मारण्याची प्रथा पडली. ही कसोटी अपुरी आहे. किळसवाणा तपशील वास्तववादालाही वर्ज्य नाही. उलट स्वच्छ, सुखवस्तू घरातील कथाही निसर्गवादी असू शकते. पात्राच्या कृतीचे अंतिम कारण लेखक कोठे शोधतो आणि पात्राला निवडीस किती जागा ठेवतो, हाच खरा प्रश्न होय.

एमिल झोलाची भूमिका या बाबतीत निःसंदिग्ध होती. ‘तेरेझ राकँ’ या कादंबरीच्या १८६८ च्या दुसऱ्या आवृत्तीस लिहिलेल्या प्रस्तावनेत त्याने आपला विषय व्यक्तिचित्रे नसून शरीरप्रकृती हा असल्याचे सांगितले. पुढे १८८० साली ‘प्रायोगिक कादंबरी’ या निबंधात क्लोद बेर्नार या शरीरशास्त्रज्ञाची प्रयोगपद्धती त्याने कादंबरीला लावू पाहिली. वंश, परिस्थिती आणि काल या तेनने सांगितलेल्या घटकांचाही त्याच्या विचारावर प्रभाव होता. १८७१ ते १८९३ या काळात प्रसिद्ध झालेल्या ‘रूगाँ-माकार’ मालेच्या वीस कादंबऱ्यांत एका घराण्याचा मूळ दोष पिढ्यान्‌पिढ्या निरनिराळ्या रूपांत प्रकट होतो. ‘लासोम्वार’ (१८७७) मधील जेर्वेझची अधोगती हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. अर्थात् झोलाची प्रतिभा त्याच्या सिद्धांतात पुरती मावली नाही. ‘जेर्मिनाल’ (१८८५) मधील खाणकामगारांचा संप चिरडला जातो. तरी अखेरीस अंकुरणाऱ्या भूमीची जी प्रतिमा येते, ती प्रयोगशाळेतील निष्कर्ष नव्हे, ती आशा आहे.

त्याच सुमारास मराठीत हरि नारायण आपटे वास्तववादी कादंबरीची पायाभरणी करीत होते. ‘पण लक्षांत कोण घेतो?’ या कादंबरीतील यमूचे दुःख रूढीतून निर्माण होते. शीर्षकातील प्रश्न वाचकाला उद्देशून आहे, आणि त्यात रूढी बदलता येते हे गृहीत धरलेले आहे. जे अटळ आहे, त्याविषयी असा प्रश्न कोणी विचारीत नाही. मराठी वास्तववाद आरंभापासून सुधारणेच्या विचाराशी बांधला गेला, तो असा.

निसर्गवाद या भूमीत येताना मात्र एक निराळीच अडचण उभी राहते. फ्रान्समध्ये आनुवंशिकतेचा विचार नव्या विज्ञानाच्या रूपाने, धार्मिक नीतिकल्पनांना आव्हान देत पुढे आला. भारतात जन्मावरून माणसाचा स्वभाव, कर्म व योग्यता ठरविणे ही पुरातन व्यवस्थाच होती. जातीच्या समर्थनाचा तोच आधार होता. परकीय सत्तेनेही ही समजूत कायद्यात उतरविली. ‘रूगाँ-माकार’ मालेतील पहिली कादंबरी ग्रंथरूपाने निघाली त्याच १८७१ साली भारतात गुन्हेगार जमातींविषयीचा कायदा झाला. या दोन घटनांचा परस्परसंबंध नाही. परंतु दोष रक्तातून उतरतो, ही कल्पना दोहोंकडे आहे. एकीकडे ती कादंबरीचे गृहीतक झाली, दुसरीकडे हजेरी आणि तारेचे कुंपण झाली.

विभावरी शिरूरकर यांची ‘बळी’ (१९५०) या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहे. लेखिकेने सोलापूर येथील गुन्हेगार जमातींच्या वसाहतीतील जीवन जवळून पाहिले होते. कुंपणाआडच्या मांग-गारुडी समाजाचे तिने केलेले चित्रण इतके निर्विकार व तपशीलवार आहे, की निसर्गवादाची आठवण व्हावी. परिस्थितीचा दाब तेथे जवळजवळ संपूर्ण आहे. तथापि तो दाब रक्ताचा नाही, कुंपणाचा आहे. आणि कुंपण माणसांनी घातलेले आहे. तो कायदा १९५२ साली देशभर रद्द झाला, ही गोष्ट कादंबरीच्या दृष्टीला पुष्टीच देते.

नाशिकजवळच्या विहितगाव येथे १९३० साली जन्मलेले बाबूराव बागूल याच्याही पुढे गेले. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहातील भूक, हिंसा व वासना यांच्या दर्शनामुळे त्यांच्यावर निसर्गवादाचा शिक्का सहज बसू शकतो. परंतु शीर्षककथेची रचनाच त्याविरुद्ध साक्ष देते. नायक जात लपवतो तोवर त्याची बुद्धी, वाणी व सहवास यांना मान मिळतो. जात उघड होताच तोच माणूस मार खातो. माणूस बदललेला नाही, नाव बदलले आहे. झोलाने पात्रांवर केला असता त्याहून निर्णायक असा हा ‘प्रयोग’ आहे, आणि त्याचा निष्कर्ष आनुवंशिकतेच्या विरुद्ध जातो. अखेरीस नायकाला आघात करणाऱ्या हातांमागे मनू दिसतो. येथे कारण शरीरात न शोधता धर्मशास्त्रात व इतिहासात शोधले आहे, म्हणूनच विद्रोहाला वाव राहतो.

मराठीतील समर्थ लेखनाने निसर्गवादाकडून परिस्थितीचे निर्दय निरीक्षण घेतले आणि आनुवंशिकतेचे तत्त्व नाकारले, असे यावरून म्हणता येईल. हे नाकारणे शास्त्रीय दृष्टीच्या अभावातून आलेले नाही. जन्माला कारण मानण्याची किंमत ज्यांनी मोजली, त्यांच्या अनुभवातून ते आले आहे. पेठच्या मजुराची कथा लिहिणाऱ्यालाही हा विवेक सोडता येणार नाही. त्याची दारू लपविणे हा खोटेपणा ठरेल. परंतु ती त्याच्या जमातीच्या रक्तात आहे असे सुचविणे, हा त्याहून जुना आणि अधिक घातक खोटेपणा होय.