रक्तक्षयाचा आकडा आणि लोहाचा प्रश्न

‘महाराष्ट्रातील सत्तर टक्के बालकांत लोहाची कमतरता आहे’ अशा अर्थाचे वाक्य आरोग्यविषयक तक्त्यांतून आणि भाषणांतून पुष्कळदा भेटते. आम्हाला ते खटकते.

मूळ आकडा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतला (२०१९-२१). तीत राज्यातील ६ ते ५९ महिन्यांची ६८.९ टक्के बालके रक्तक्षयी ठरली. २०१५-१६ च्या फेरीत हे प्रमाण ५३.८ होते. पण तेथे मोजले ते हिमोग्लोबिन, लोह नव्हे. रक्तही टोचून काढलेल्या थेंबाचे. बोट दाबून थेंब काढला की त्यात ऊतींतला द्रव मिसळतो आणि हिमोग्लोबिन कमी भरते. २०१६-१८ च्या राष्ट्रीय व्यापक पोषण सर्वेक्षणात शिरेतले रक्त घेतले होते. तेथे देशातील १ ते ४ वर्षांच्या मुलांत रक्तक्षय सुमारे ४१ टक्के, तर लोहाची कमतरता ३२ टक्के आढळली. वयोगट निराळे आहेत हे खरे, पण एवढी तफावत केवळ वयाने पडणार नाही. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये ६ ते २३ महिन्यांच्या बालकांसाठी रक्तक्षयाची मर्यादा शंभर मिलिलिटरला ११ ग्रॅमवरून १०.५ वर आणली.

मग काळजी नको? तसे नाही. शरीर आधी साठ्यातले लोह खर्च करते. हिमोग्लोबिन घसरते ते नंतर. म्हणजे तपासणीत ‘ठीक’ ठरलेले मूलही लोहाला मुकलेले असू शकते, आणि मेंदूची वाढ तर याच वयात होत असते.

हिंगोली जिल्ह्यातील साखरा गावाचे उदाहरण घ्या. जिल्ह्यागणिक सरासरी नऊशे कुटुंबे पाहणारे सर्वेक्षण तिथल्या अंगणवाडीबद्दल काहीच सांगू शकत नाही. तक्त्यावरची पालकाची जुडीही फारशी कामाची नाही. तिच्यातले लोह आतड्यात फार थोडे शोषले जाते. ज्वारीच्या भाकरीत लोह आहे, पण फायटेट ते धरून ठेवते. सोबत मुलाला चहा दिला की शोषण आणखी घटते. त्याच वरण-भाकरीवर लिंबू पिळले तर ते वाढते. (तक्त्यावर लिंबू मात्र आम्ही अजून पाहिलेले नाही.) सहा महिन्यांनंतर बाळाचा जन्मजात साठा सरत येतो आणि आईच्या दुधात लोह अगदी थोडे असते, म्हणून वरच्या आहाराबरोबर आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर, म्हणजे २० मिलिग्रॅम लोहाचे पातळ औषध देतात. त्याने शी काळी होते. हे आधी सांगितले नाही, तर घाबरून घरचे बाटली बाजूला ठेवतात.