‘येतो’ म्हणून निघताना

मराठी माणूस निरोप घेताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. शिष्टाचार म्हणून आपण ते सोडून देतो. मला मात्र त्यात अर्थविचारातला एक कळीचा प्रश्न दिसतो : निरोपाचा हा अर्थ ‘येतो’ या शब्दाचाच आहे, की संभाषणाच्या अलिखित नियमांतून उपजलेला?

या नियमांची मांडणी एच. पी. ग्राइस यांनी १९६७ साली हार्वर्ड येथील व्याख्यानांत केली. त्यांपैकी तर्क आणि संभाषण यांवरचा निबंध १९७५ मध्ये छापला गेला. बोलणारे एकमेकांना सहकार्य करतात, हे त्यांचे गृहीत. पुरेसे, खरे, प्रस्तुत आणि स्पष्ट बोलावे, ही सूत्रे. एखादे सूत्र उघड मोडलेले दिसले, की ऐकणारा न बोललेला अर्थ शोधतो. आपल्या काव्यशास्त्राला हा विचार परका नाही. मुख्यार्थाला बाध आला, की रूढीने किंवा प्रयोजनाने लक्षणा होते, असे मम्मटाने अकराव्या शतकात मांडले आहे.

‘नारळ वाढवला’, ‘बांगडी वाढली’ यांत फुटण्याचा अर्थ रूढ झाला आहे. तेथे ऐकणारा काही शोधत बसत नाही. कोशात नोंद केली की भागते. ‘येतो’ही तसाच, असे वाटते. पण मयताच्या घरी भेटून निघताना आपण ‘येतो’ म्हणत नाही; मुकाट्याने उठतो. शब्दाला केवळ ‘निघतो’ एवढाच अर्थ उरला असता, तर तो तेथे टाळण्याचे कारण नव्हते. परत येण्याचा मुख्यार्थ अजून जिवंत आहे, आणि अशा कारणाने परत येणे कोणालाच नको असते.

येथे ग्राइस यांची मांडणी अपुरी पडते. सौजन्यासारखे सामाजिक नियमही असतात, हे त्यांनी नमूद केले. पण माहितीची परिणामकारक देवाणघेवाण हे संभाषणाचे प्रयोजन धरल्यामुळे ते बाजूला राहिले. निघणारा माणूस तर डोळ्यांसमोर उठलेला असतो; ‘येतो’ म्हणून तो नाते चालू राहील याची ग्वाही देतो. ती कुठे द्यावी आणि कुठे देऊ नये, हे शुभाशुभाचा संकेत ठरवतो.

म्हणून ‘येणे’च्या नोंदीत निरोपाच्या अर्थाबरोबर तो कुठे वर्ज्य आहे, हेही कोशकारांनी सांगावे. मराठी शिकणाऱ्याचे लिंग-वचन चुकले, तर लोक हसून सांभाळून घेतात. सुतकाच्या घरातून निघताना तो ‘येतो’ म्हणाला, तर ते जिव्हारी लागते. आणि का लागले, हे त्याला कोणी सांगत नाही.