धावफलकाला जात नसते
रामचंद्र गुहा यांचे ‘अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड’ (2002) क्रिकेटचे पुस्तक म्हणून हाती घ्यावे आणि समाजाचा इतिहास वाचून खाली ठेवावे, असे आहे. धारवाडला जन्मलेल्या बाळू पालवणकरांचा चेंडू सवर्ण गड्यांना चाले. चहा मात्र त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. कर्णधारपदासाठी बाळू डावलले गेले. 1923 साली ते धाकटे बंधू विठ्ठल यांना लाभले. तरी संघ धर्मावरच उभे होते. ते पंचरंगी सामने 1946 साली थांबले. एवढ्याने खेळ मुक्त झाला काय? मैदानावरचा निवाडा नियम करतात. संघाची निवड मात्र सीमारेषेबाहेर होते. खेळाच्या स्वातंत्र्याची कसोटी तिथेच लागते, हे या पुस्तकाचे खरे सांगणे आहे.